गाण्यानं खरंच दम वाढतो का? स्टॅट्सच्या प्रोजेक्टसाठी पायरीपायरीनं

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं असेल, तर शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय शोधताना हा विषय कुणाला तरी सुचतोच: गाणी ऐकणाऱ्यांची शारीरिक क्षमता जास्त असते का? सुचण्याचं कारण डोळ्यांसमोरच असतं. सकाळी मैदानावर पोलीस भरतीची पोरं कानात इअरफोन घालून सोळाशे मीटर मारत असतात. विषय चांगला आहे, खर्च कमी आहे आणि माणसं मिळतात. पण याच विषयाचे प्रोजेक्ट वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सगळ्यात लवकर कोलमडताना मी पाहिलेत. गणित चुकतं म्हणून नव्हे, मैदानावर जायच्या आधीच गोंधळ झालेला असतो म्हणून.

हा लेख टी-टेस्ट (सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासायची पद्धत) वर्गात शिकलेल्या, पण स्वतः कधी डेटा गोळा न केलेल्या मुलामुलींसाठी आहे.

१. आधी ठरवा: सवय की परिणाम?

या विषयात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात.

पहिला प्रश्न: जे रोज जास्त गाणी ऐकतात, ते जास्त तंदुरुस्त असतात का? इथे तुम्ही फक्त विचारता आणि मोजता. हा सर्व्हे झाला. यातून सहसंबंध मिळेल, कारण मिळणार नाही. भरतीचा मुलगा पळताना गाणी ऐकतो, म्हणून त्याचे गाणी ऐकण्याचे तास जास्त. तो रोज पळतो, म्हणून दमही जास्त. दोन्ही आकडे एकत्र वाढलेले दिसतील, पण त्यात गाण्याचा वाटा शून्य असू शकतो.

दुसरा प्रश्न: तोच माणूस गाणं चालू असताना जास्त काम करतो का? हा प्रयोग. इथे गाणं कधी लावायचं हे तुम्ही ठरवता, म्हणून कारणाबद्दल काही बोलता येतं.

सवय कुणाला चिठ्ठी टाकून वाटता येत नाही. 'तू वर्षभर रोज दोन तास गाणी ऐक, तू अजिबात ऐकू नकोस' असं सांगून कुणी ऐकणार आहे का? म्हणून माझा सल्ला असा: मुख्य भाग प्रयोगाचा ठेवा आणि सवयीची छोटी प्रश्नावली त्याला जोडा. मग तिसरा, खरा गमतीचा प्रश्न विचारता येतो: ज्यांना गाण्याची सवय आहे, त्यांच्यावर गाण्याचा परिणाम जास्त होतो की कमी?

हा प्रश्न नवा नाही. लिओनार्ड आयर्स यांनी १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीबद्दल लिहिलं, की बँड वाजत असताना सायकलस्वार जास्त वेगानं जात होते. हे वाचल्यावर तुमच्या डोक्यात पहिली शंका यायला हवी: बँड वाजताना तिथे गर्दी आणि आरडाओरडाही जास्त असेल तर? ती शंका आली असेल तर विषय तुम्हाला समजला.

२. काय मोजणार?

'शारीरिक क्षमता' असं सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, लिहिलं तर मॅडम लाल गोल करतील. एकच माप निवडा. उपलब्ध मापांबद्दल माझं मत:

सोळाशे मीटर: भरतीच्या मुलांना हे अंतर पाठ असतं, त्यामुळे शिकवावं लागत नाही. पण एका सकाळी थोडीच माणसं होतात. शिवाय मोकळ्या मैदानावर शेजारून पळणारा गडी बघून वेग वाढतो. तो परिणाम गाण्याचा नसतो.

स्टेप टेस्ट: क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टमध्ये ४१.३ सेंमी उंचीच्या पायरीवर ३ मिनिटं चढ-उतार करायची असते, मुलांनी मिनिटाला २४ वेळा, मुलींनी २२ वेळा, आणि मग नाडी मोजायची. यात दोन सापळे आहेत. कॉलेजच्या जिन्याची पायरी याच्या निम्मीसुद्धा नसते. आणि ही टेस्ट मेट्रोनोमच्या (ठराविक वेगानं टिकटिक करणारं यंत्र) ठोक्यावर चालते. कानात गाण्याचा ठेका वेगळा आणि मेट्रोनोमचा वेगळा असेल तर पाय कुणाचं ऐकणार? या विषयासाठी ही टेस्ट मी टाळायला सांगतो.

नाडी: १५ सेकंद मोजून ४ नं गुणलं, तर एक ठोका चुकला की उत्तर ४ नं हलतं. व्यायाम थांबल्यावर पूर्ण मिनिट मोजलं तर तेवढ्यात नाडी खाली आलेली असते. मुख्य माप म्हणून नकोच.

पट्टी पकडणे: वरून सोडलेली ३० सेंमीची पट्टी बोटांनी पकडायची. पडलेल्या अंतरावरून वेळ काढता येतो, २० सेंमी म्हणजे साधारण ०.२० सेकंद. स्वस्त आणि मस्त, पण हे प्रतिक्रियेचं माप आहे, दमाचं नाही.

एका मिनिटात खुर्चीवरून ऊठ-बस: माझी पसंती याला. हात छातीवर घडी घातलेले, बसताना बूड खुर्चीला टेकलंच पाहिजे, उभं राहताना गुडघे सरळ. मोजणीत वाद होत नाही, खोलीत होतं, मुलींनाही अवघडल्यासारखं होत नाही आणि तासाभरात बरीच माणसं होतात. खुर्ची मात्र सगळ्यांना तीच, आणि भिंतीला टेकवलेली.

माप ठरलं की चार-पाच मित्रांवर गाण्याशिवाय दोनदा करून पाहा. दुसऱ्या वेळी सगळ्यांचेच आकडे वाढले, तर लोक युक्ती शिकताहेत असं समजा आणि खऱ्या मोजणीआधी प्रत्येकाला एक सराव फेरी द्या.

३. माणसं किती?

'सर म्हणाले ३० घ्या' हे वायवात उत्तर होत नाही. थोडं गणित करा.

संगीत आणि व्यायामावरच्या १३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक कामगिरीवरचा परिणाम ०.३१ प्रमाण विचलन इतका निघाला. म्हणजे आहे, पण लहान. हृदयाच्या ठोक्यांवर ठळक परिणाम दिसला नाही. नाडी नको म्हणण्याचं हे आणखी एक कारण.

५ टक्के पातळी (परिणाम नसताना तो आहे म्हणण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवरसाठी (परिणाम खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता) पेअर्ड पद्धतीत, म्हणजे एकाच माणसाला दोनदा मोजताना, लागणारी संख्या साधारण ७.८४ भागिले परिणामाचा वर्ग. हा ७.८४ म्हणजे (१.९६ + ०.८४) चा वर्ग. पण इथे भागायचा परिणाम फरकांच्या प्रमाण विचलनात हवा. एकाच माणसाच्या दोन मोजण्यांतला सहसंबंध ०.८ असेल, तर ०.३१ ला ०.४ च्या वर्गमुळानं भागायचं, ०.४९ येतं. मग माणसं लागतात ३३. सहसंबंध ०.५ च असेल तर परिणाम ०.३१ च राहतो आणि माणसं लागतात ८२. माप जितकं पक्कं, तितकी माणसं कमी. वरची मित्रांवरची चाचणी म्हणूनच टाळू नका.

दोन वेगळे गट केले, एक गाण्याचा आणि एक बिनगाण्याचा, तर ०.३१ साठी प्रत्येक गटात दीडशेहून जास्त माणसं लागतील. एवढी आणणार कुठून? पेअर्डच करा. चाळीस जणांची नावं घ्या, काही गळतीलच. परीक्षा, लग्न, एसटी चुकली, काहीही होतं.

४. कागद आणि सामान

- सिनॉप्सिस, गाइडच्या सहीसह
- विभागप्रमुखांच्या नावे परवानगीचा अर्ज, आणि खोली किंवा मैदान हवं असेल तर क्रीडा विभागाकडे दुसरा. दोन्हींच्या पोचेची झेरॉक्स ठेवा
- संमतीपत्र मराठीत, एका पानात. अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर पालकांची सहीसुद्धा. तो त्रास नको असेल तर फक्त १८ वर्षांवरचेच घ्या
- नोंदीचा तक्ता: सांकेतिक क्रमांक, तारीख, वेळ, फेरी, आकडा, शेरा. नाव या तक्त्यावर नको. नाव आणि क्रमांकाची यादी वेगळ्या वहीत
- एकच मोबाईल, एकाच प्रकारचे इअरफोन, पुसायला स्पिरिट आणि कापूस
- स्टॉपवॉच, खुर्ची, मोजपट्टी, पाणी, ग्लुकोज, प्रथमोपचार पेटी

५. कुणाला थांबवायचं

इथे घाई करू नका. दमा, हृदयाचा त्रास, नुकतं झालेलं ऑपरेशन, गुडघ्याची दुखापत, ताप हे सगळं आधी विचारा. आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: सिकलसेल. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार बऱ्यापैकी आढळतो. रुग्णालाच नाही, तर वाहकालाही अतिश्रमात, विशेषतः उन्हात आणि पाणी कमी प्यायलेलं असताना, धोका होऊ शकतो. हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. संमतीपत्रावर सगळे आजार एकत्र लिहा आणि 'यापैकी काही असल्यास भाग घेऊ नये, कारण सांगण्याची गरज नाही' असं वाक्य टाका. मुलगा गुपचूप कागद परत करेल, तेवढंच हवंय.

उपवास आणि रोजे असलेल्यांना त्या दिवसांत बोलावू नका. आणि हिवाळ्यात भरीत-पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी ठेवू नका. हे विनोदानं म्हणत नाहीये, कळण्याची भाकरी आणि भरीत पोटात असताना कुणाच्या ऊठ-बशा खऱ्या येणार?

६. चिठ्ठ्या

प्रत्येकजण दोनदा मोजला जाणार, एकदा गाण्यासह आणि एकदा गाण्याशिवाय. आधी काय? सगळ्यांचं आधी शांत आणि मग गाणं असं केलं तर प्रोजेक्ट तिथेच संपला. दुसऱ्या वेळची वाढ सरावाची की गाण्याची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

निम्म्या चिठ्ठ्यांवर 'आधी गाणं', निम्म्यांवर 'आधी शांत' लिहा, डब्यात घालून हलवा आणि माणसाला स्वतः उचलू द्या. सायंटिफिक कॅल्क्युलेटरचं रँडम बटणही चालेल. हजेरी क्रमांकाचे सम-विषम गट करू नका, आणि 'जो आला त्याला आळीपाळीनं' असंही नको, कारण लवकर कोण येतो हेही माणसाच्या स्वभावावर ठरतं. प्रयोगात यादृच्छिक वाटणी का हवी, हे रोनाल्ड फिशर यांनी १९३५ मध्येच नीट मांडून ठेवलंय. वायवाला हे नाव उपयोगी पडतं.

दोन मोजण्यांमध्ये एक आठवडा ठेवा, तोच वार, तीच वेळ. सवय नसलेल्याच्या मांड्या ऊठ-बशांनंतर दोन-तीन दिवस भरून येतात. दुसऱ्याच दिवशी बोलावलंत तर तुम्ही गाणं नाही, दुखणं मोजाल.

७. गाणं कोणतं?

सगळ्यांना एकच गाणं, की ज्याचं त्याच्या आवडीचं? दोन्ही चालतं, पण प्रश्न बदलतो. एकच गाणं ठेवलं तर ठेका आणि आवाज हातात राहतो, पण काहींना ते आवडणारच नाही. हळदीच्या डीजेवर वाजणारं अहिराणी गाणं अर्ध्या वर्गाला उठवून नाचवेल, आणि उरलेल्या अर्ध्याचं डोकं दुखवेल. आवडीचं गाणं ठेवलं तर धडगावचा मुलगा ढोलाचं रेकॉर्डिंग आणेल, भुसावळची मुलगी हिंदी रिमिक्स. मग ठेका प्रत्येकाचा वेगळा, तो नोंदवावा लागेल. १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजून ४ नं गुणा. इथे ही पद्धत चालते, कारण गाण्याचा ठेका नाडीसारखा उतरत जात नाही.

माझी पसंती आवडीच्या गाण्याला, मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांच्या मर्यादेत. सवयीचा प्रश्न जोडायचा असेल तर हेच जास्त जुळतं. आवाज मोबाईलवर एकाच रेघेवर, सगळ्यांना तोच, आणि पूर्ण कधीच नाही.

आता एक युक्ती. गाण्याशिवायच्या फेरीतही इअरफोन घालायचेच, फक्त काही वाजणार नाही. मोबाईल दुसरा साथीदार हाताळेल आणि ऊठ-बशा मोजणाऱ्याला कोणती फेरी चालू आहे हे कळणार नाही. ऊठ-बस करणाऱ्याला कळणारच, त्याला इलाज नाही. पण मोजणाऱ्याचा कल तरी निघून जातो. 'बूड टेकलं की नाही' अशा एखाद्या ऊठ-बशीवर मोजणारा नकळत गाण्याच्या बाजूनं कौल देतो, आणि असे दोन-तीन कौल पुरेसे असतात.

८. मोजणीचे दिवस

जानेवारीत उरका. मार्चपासून ऊन चढतं, आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे ऊठ-बस सोडा, खुर्चीवर बसून राहणंही कसोटीचं असतं. आठवड्याभरात तापमान पाच-सहा अंशांनी बदललं तर दोन फेऱ्यांची तुलना बिघडते. वेळ सकाळची साडेआठ ते दहा चांगली, कारण खेड्यावरून येणारी मुलं पहिल्या एसटीनं पोचलेली असतात. पण एसटीत उभ्यानं आलेल्याला दहा मिनिटं बसू द्या.

बघे नकोत. मित्र दारात उभे राहून 'चाल रे भो!' ओरडायला लागले की प्रयोग मोजमापाचा न राहता कुस्तीचा फड होतो. मुलींची मोजणी मुलींनीच करावी.

आकडा लगेच पेनानं लिहा. चुकला तर एक रेघ मारून शेजारी नवा लिहा, व्हाइटनर नको.

९. सवयीचे प्रश्न

प्रश्नावली पहिल्या फेरीच्या आधी भरून घ्या. आपला आकडा कळल्यावर लोक सवयीसुद्धा त्याला साजेशा सांगतात.

'तुम्ही रोज सरासरी किती गाणी ऐकता?' याला कुणीही खरं उत्तर देऊ शकत नाही. 'काल स्वतः लावून गाणी किती वेळ ऐकली?' विचारा. 'स्वतः लावून' हे शब्द महत्त्वाचे, नाहीतर ट्रॅक्टरवरची, लग्नाच्या मिरवणुकीतली, एसटी ड्रायव्हरची सगळी गाणी त्यात येतात. शक्य असेल तर मोबाईलच्या वापराच्या नोंदीत गाण्याच्या अ‍ॅपचा वेळ दिसतो, तो त्याच्याच हातानं बघून लिहायला सांगा.

सोबत वय, आठवड्यात किती दिवस व्यायाम किंवा खेळ, शेतातलं किंवा हमालीचं काम आहे का, आदल्या रात्रीची झोप, आणि व्यायाम करताना गाणी ऐकतो का हे विचारा. समोरचा प्रमाण मराठीत अडखळत असेल तर सरळ अहिराणीत विचारा, 'काल तू कितला येळ गाना आयक्यात?' उत्तर मोकळं येतं. फक्त सगळ्या विचारणाऱ्यांनी एकाच तऱ्हेनं विचारायचं, आधी ठरवून.

१०. गणित, आणि सगळ्यात मोठा सापळा

प्रत्येकाचा फरक काढा: गाण्यासह वजा गाण्याशिवाय. समजा दहा जणांचे फरक असे आले:

३, १, −१, ४, ०, २, −२, ५, १, २

सरासरी १.५. प्रमाण विचलन २.१७. ते १० च्या वर्गमुळानं भागलं की स्टँडर्ड एरर ०.६८७. टी म्हणजे १.५ भागिले ०.६८७, म्हणजे २.१८.

नऊ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (दहा जण वजा एक) ५ टक्क्यांचा टू-टेल्ड, म्हणजे वाढ आणि घट दोन्ही बाजू धरून, टेबलमधला आकडा २.२६२. आपला २.१८. हुकलं! वन-टेल्डचा, म्हणजे फक्त वाढ धरून, आकडा १.८३३. आता पोरांच्या डोक्यात दिवा लागतो: 'गाण्यानं वाढच होणार ना, मग वन-टेल्ड लावू!' डेटा बघून टेल बदलणं ही सरळ लबाडी आहे. वन-टेल्ड हवी असेल तर सिनॉप्सिसमध्ये, मोजणीच्या आधी, कारणासह लिहा. नसेल लिहिली तर टू-टेल्डच. आणि निकाल असा मांडा: सरासरी वाढ १.५, ९५ टक्के विश्वास अंतराल −०.०५ ते ३.०५. हे 'सिग्निफिकंट नाही' या दोन शब्दांपेक्षा खूप जास्त सांगतं. परिणाम शून्य असू शकतो, तीन ऊठ-बशांचाही असू शकतो, आणि दहा माणसांत याहून नेमकं सांगता येत नाही. 'जवळजवळ सिग्निफिकंट' असा शब्द मात्र लिहू नका.

एक्सेलच्या टी-टेस्ट फंक्शनमध्ये शेवटचा आकडा १ दिला तरच पेअर्ड होते. २ आणि ३ म्हणजे दोन स्वतंत्र गट. त्याच्या आधीचा आकडा टेल्सचा. या दोन आकड्यांची अदलाबदल फार होते, म्हणून एकदा हातानं करून ताळा घ्या.

नॉर्मलिटी (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का) तपासायची ती फरकांची, मूळ आकड्यांची नाही. फरक फारच वाकडे असतील तर विल्कॉक्सन साइन्ड-रँक टेस्ट लावा. 'आधी गाणं' आणि 'आधी शांत' या दोन गटांचे सरासरी फरक शेजारी-शेजारी मांडा. खूप वेगळे असतील तर सराव किंवा थकवा अजून मध्ये आहे.

सवयीसाठी: गाण्याची मिनिटं आणि फरक यांचा स्कॅटर प्लॉट आधी काढा, मगच सहसंबंध. ३० जणांत ५ टक्के पातळीला सहसंबंध ०.३६१ च्या पुढे जायला लागतो. दिवसाला आठ तास गाणी ऐकणारा एकच गडी सगळी रेघ आपल्याकडे ओढू शकतो. त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय, दोन्ही निकाल द्या.

११. ब्लॅक बुक (बाइंड केलेला प्रोजेक्ट अहवाल) आणि वायवा

निकाल कुणाला लागू होतो हे एका वाक्यात लिहा: तुमच्या कॉलेजातले, स्वतःहून आलेले, अमुक वयाचे विद्यार्थी. 'खान्देशातील युवक' असं शीर्षकात टाकायचा मोह होतो, आवरा.

परीक्षक हमखास विचारतात ते प्रश्न: शून्य गृहीतक नेमकं काय होतं? पेअर्डच का? पी-व्हॅल्यू ०.०६ म्हणजे काय? किती जण मध्येच सोडून गेले, आणि का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांकडे उत्तर नसतं, म्हणून शेऱ्याचा रकाना भरत चला.

फरक नाही असा निकाल आला म्हणून मार्क जात नाहीत. हाती आलेले आकडे गुळगुळीत करून आणले तर जातात. परीक्षकानं कच्चे तक्ते मागितले तर सुरकुतलेले, घामाचे डाग पडलेले कागदच समोर ठेवा. बाइंडिंगला देताना मूळ तक्ते देऊ नका, झेरॉक्स लावा. मूळ तक्ते निकाल लागेपर्यंत घरी फाईलमध्ये राहू द्या. नाव-क्रमांकाची वही मात्र वायवा झाली की फाडून टाका, संमतीपत्रावर तसं लिहून दिलेलं असतं.